दोन सुताचा स्क्रू

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कागलच्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानात ‘दोन सुताचा स्क्रू’ मागितला, तर पुढचा प्रश्न येतो तो लांबीचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दोन सूत म्हणजे पाव इंच. पाव इंच म्हटल्यावर आटे कोणते, हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही. पंपाला, मोटारीला, लोखंडी कपाटाला लागणारे आटे ठरून गेलेले आहेत. जुन्या बंदुकीच्या बाबतीत एवढी ओळख पुरत नाही. व्हिटवर्थच्या मापात पाव इंची स्क्रूला इंचाला २० आटे असतात, ब्रिटिश फाइन मालिकेत २६. अमेरिकन जाड मालिकेत पुन्हा २०च, पण आट्याचा कोन निराळा. बारीक मालिकेत २८. जर्मन माउझर ९८ रायफलचे लाकूड आणि पोलाद खालून एकत्र आवळून धरणारे दोन मोठे स्क्रूही पाव इंचीच, मात्र त्यांना इंचाला २२ आटे. अमेरिकेच्या १९०३ च्या स्प्रिंगफिल्डला त्याच जागी २५ आणि विंचेस्टर ७० ला ३२. जाडी एकच, नाव एकच, आणि स्क्रू सात. यांतला चुकीचा स्क्रू बरोबर भोकात घालता येतो, अनेकदा दोन-तीन फेरे बिनतक्रार फिरतो, आणि सगळे नुकसान त्या दोन-तीन फेऱ्यांनंतर सुरू होते.

या पुस्तकाचा विषय एवढाच आहे: जुन्या बंदुकीचा किंवा तिच्या प्रतिकृतीचा एखादा स्क्रू हरवला, मोडला किंवा त्याची खाच उडाली, तर त्याच्या जागी योग्य मापाचा स्क्रू कसा मिळवायचा. पुढच्या प्रकरणांत कोष्टके आहेत, मोजण्याच्या रीती आहेत, लेथवरची कामे आहेत. त्या सगळ्यांच्या मुळाशी असलेला एक विचार या प्रस्तावनेत मांडायचा आहे. योग्य स्क्रू बंदुकीवरच्या नावावरून, देशावरून किंवा सालावरून ठरत नाही. तो भोकातल्या आट्यांवरून ठरतो. भोक हा मूळ वस्तूचा भाग आहे, स्क्रू बदलता येतो. म्हणून स्क्रू भोकाला जुळवायचा, भोक स्क्रूला जुळवायचे नाही. वाचताना हे उघड वाटेल. पण ठिकठिकाणी दुरुस्त झालेल्या जुन्या बंदुका पाहिल्या, की नेमका याचाच विसर सर्वांत जास्त पडलेला दिसतो.

कागलमधून हे लिहिण्याला कारण आहे. कागलकर घाटग्यांची जहागीर ही कोल्हापूर संस्थानातल्या मोठ्या जहागिरींपैकी. कागलचे जयसिंगराव घाटगे यांचे पुत्र यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. विशाळगड, बावडा, कापशी, इचलकरंजी अशा जहागिरी, त्यांचे वाडे, त्यांचे मानकरी, शिकारखाने यांमुळे या भागात बंदुका पुष्कळ आल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात शस्त्रे आणि शिकारीच्या वस्तू आजही मांडलेल्या दिसतात. दुसरीकडे याच पट्ट्यात फाउंड्री आणि लेथचे काम रुजले: शिवाजी उद्यमनगरातले कारखाने, तेलाची इंजिने, आणि आता कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत. खंडेनवमीला वाड्यातल्या तलवारीला आणि बंदुकीला झेंडूची फुले वाहतात, त्याच दिवशी कारखान्यातल्या लेथलाही हार घालतात. एकाच तालुक्यात ही दोन्ही पूजने होतात, पण त्या बंदुकीचा आणि त्या लेथचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. बंदुकीचा स्क्रू गेला की लोक पुण्या-मुंबईत चौकशी करतात, परदेशात कुणी नातेवाईक असेल तर त्याला सांगतात, नाहीतर हाताला येईल तो बोल्ट लावून मोकळे होतात.

आट्यांचा हा गोंधळ कुठून आला, ते थोडे समजून घ्यावे लागेल. १८४१ पूर्वी इंग्लंडातही प्रत्येक कारखान्याचे आटे आपापले होते. जोसेफ व्हिटवर्थने निरनिराळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, त्यांची मापे घेतली, सरासरी काढली, ५५ अंशांचा कोन ठरवला आणि प्रत्येक जाडीला एकच पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधले अंतर, सुचवला. आट्यांचे जगातले पहिले मोठे प्रमाणीकरण असे अनेकांचे स्क्रू मोजून झाले, हे या पुस्तकाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. याच व्हिटवर्थने पुढे षट्‌कोनी नळीची, ०.४५१ इंची बोअरची प्रसिद्ध रायफलही काढली. पण बंदूक बनवणाऱ्यांनी त्याचे आटे सरसकट घेतले नाहीत. बंदुकीच्या लॉकमध्ये, म्हणजे घोडा, कमान आणि खटका ज्या पट्टीवर बसतात त्या भागात, जागा अपुरी असते. पातळ पट्टीत जाड आटे दोन-अडीचच बसतात, म्हणून कारागिरांना बारीक पिच हवा असे. शिवाय १८५० च्या दशकापर्यंत इंग्लंडात बंदूक हे हातकाम होते. एका कारागिराने एका लॉकसाठी घासलेला स्क्रू शेजारच्या लॉकला बसत नसे, आणि तो बसावा अशी अपेक्षाही नसे. कुठला स्क्रू कुठला हे ओळखता यावे म्हणून त्यावर कानशीने खुणा किंवा ठिपके केलेले आढळतात. लंडनजवळच्या एनफील्ड येथील सरकारी कारखान्याने अमेरिकन यंत्रे आणून १८५३ च्या नमुन्याची ०.५७७ इंची रायफल एकसारख्या भागांनी बनवायला घेतली, तेव्हा कुठे एका बंदुकीचा स्क्रू दुसरीला बसू लागला. तेही मुख्यतः त्या कारखान्यातल्या बंदुकांपुरते. त्याच नमुन्याच्या बर्मिंगहॅमच्या किंवा बेल्जियममधल्या लीजच्या ठेकेदारांनी केलेल्या बंदुका दिसायला तशाच, पण आतून जुन्या हातकामाच्या. १८५७ नंतर हिंदी पलटणींसाठी याच घाटाची बंदूक आतून साफ, ०.६५६ इंची नळीची करून देण्यात आली. तेव्हा भिंतीवरच्या ठासणीच्या बंदुकीला ‘एनफील्ड’ म्हटले, तरी तिच्या लॉकचा स्क्रू कोणता, याबद्दल त्या नावावरून काहीच कळत नाही.

शिकारी रायफलींमध्ये नाव आणखी फसवे होते. संस्थानिकांनी लंडनच्या जॉन रिग्बीसारख्या पेढ्यांकडून रायफली मागवल्या. नळीवर लंडनचे नाव, काम लंडनचे, पण त्यांतल्या अनेकींचा पोलादी सांगाडा जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याचा. इंग्लिश बंदूक म्हणून कुणी इंग्लिश पिचचा, म्हणजे २० किंवा २६ आट्यांचा स्क्रू शोधत बसला, तर तो कितीही शोधला तरी जुळणार नाही. तिथे आधी २२ तपासायला हवेत. जर्मन कारखान्याने इंचाचे माप आणि व्हिटवर्थचा ५५ अंशांचा कोन का घ्यावा, असा प्रश्न पडतो. पण त्या काळी इंग्लिश यंत्रसामग्रीचे आणि मापांचे वजन युरोपभर होते, आणि एकदा गेज तयार झाले की कारखाना ते सहजासहजी बदलत नाही. प्रतिकृतींची गोष्ट याच्या उलट. अमेरिकन यादवी युद्धाच्या किंवा ब्रिटिश फौजेच्या बंदुकांच्या आजच्या इटालियन प्रतिकृतींत बहुतेक मेट्रिक आटे असतात. बाह्यरूप १८५३ चे, आटे आजचे. म्हणून मूळ बंदुकीसाठी बनवलेला स्क्रू प्रतिकृतीला आणि प्रतिकृतीचा मूळ बंदुकीला बसेल, असे गृहीत धरणे दोन्हीकडून घातक.

आता सर्वांत जास्त केली जाणारी चूक आकड्यांत पाहू. दोन सुताचा स्क्रू सापडला नाही की सहाचा बोल्ट, म्हणजे एम ६, लावतात. त्याची जाडी ६ मिलिमीटर, पाव इंचाची ६.३५, फरक ०.३५. पिच १ मिलिमीटर. इंचाला २६ आट्यांचा पिच ०.९७७ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तेवढाच. त्यामुळे सहाचा बोल्ट अशा भोकात सहज जातो आणि थोडा आवळतोही. पण त्या आट्याची खोली साधारण ०.६३ मिलिमीटर असते आणि बोल्ट प्रत्येक बाजूने ०.१७५ मिलिमीटर कमी पडतो. म्हणजे पकडीचा पाव भागाहून अधिक हिस्सा पहिल्यापासूनच गेला. उरलेल्या पकडीवर लाकडाचा आणि लोखंडाचा ताण येतो, आट्यांची टोके झिजतात, आणि काही वर्षांनी बोल्ट नुसताच फिरायला लागतो. आपल्याकडे याला ‘आटे गेले’ म्हणतात. बोल्टचे आटे गेले तर नवा बोल्ट येतो. इथे मात्र दीडशे वर्षांपूर्वीच्या सांगाड्याचे आटे जातात, आणि ते आणायचे कुठून? माउझरच्या २२ आट्यांच्या भोकात हाच बोल्ट दोन फेऱ्यांत अडकतो, कारण तिथे पिच १.१५५ आहे. तो अडकला म्हणून वाचवतो, पण पाना लावून जोर केला तर त्याच क्षणी नुकसान करतो. आणखी एक फसवी जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८८४ मध्ये ठरलेल्या ब्रिटिश असोसिएशन मालिकेतला शून्य नंबरचा स्क्रू, बोलीत ‘झिरो बीए’, बरोबर ६ मिलिमीटर जाड आणि बरोबर १ मिलिमीटर पिचचा. म्हणजे व्हर्निअर आणि पिच मोजणी दोन्ही त्याला एम ६ च म्हणतील. पण त्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंश, एम ६ चा साठ. फरक फक्त आट्याच्या गेजला दिसतो किंवा भिंगाखाली.

यावर पहिला आक्षेप असा: बंदूक भिंतीवर टांगायची आहे, ती उडवायची नाही, मग एवढी काटेकोर मापे कशाला? या आक्षेपात अर्धे तथ्य आहे. उडवायच्या बंदुकीत चुकीच्या स्क्रूने माणसाला इजा होऊ शकते, विशेषतः टोपी बसवायच्या निपलचे आटे सैल असतील तर. भिंतीवरच्या बंदुकीत तो धोका नाही. पण भिंतीवरची बंदूक वर्षातून एकदा तरी उतरवली जाते, खोलली जाते, पुसली जाते. पावसाळ्यात या भागातल्या हवेत लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे सैल पकडीच्या स्क्रूवर दरवर्षी थोडी हालचाल होते. गोडेतेलाने पुसले तर ते वाळून चिकट होते आणि स्क्रू आणखी जोराने फिरवावा लागतो. भिंतीवरच्या बंदुकीचा स्क्रू गोळी झेलत नसला तरी अशा शंभर वर्षांची हालचाल झेलतो. ज्या वस्तूचे मोल तिच्या जुनेपणात आहे, तिच्या बाबतीत हे कारण पुरेसे मानले पाहिजे.

दुसरा आक्षेप कारखान्यातून येतो आणि तो जास्त गंभीर आहे. आटे खराब झाले असतील तर भोक मोठे करून आठचा टॅप मारावा, काम पक्के होईल, हा कुठल्याही चांगल्या टर्नरचा पहिला सल्ला असतो. इंजिनच्या बाबतीत तो सल्ला अगदी रास्त आहे. इंजिन चालले पाहिजे, ते जुने दिसले पाहिजे असे नाही, आणि शेतकऱ्याचे पाणी थांबू नये हे महत्त्वाचे. बंदुकीच्या बाबतीत तो लागू पडत नाही, याला दोन कारणे आहेत. लॉकच्या पट्टीत भोकाभोवती धातू मोजका असतो. भोक मोठे केले की पट्टी कमकुवत होते आणि स्क्रूचे डोके तिच्या खोबणीत मावत नाही. दुसरे म्हणजे, आज उरलेल्या आट्यांवरून उद्या कुणी मूळ पिच शोधू शकतो. टॅप मारल्यावर तो पुरावा कायमचा पुसला जातो. अगदी आटे अर्धे झिजलेले असले तरी त्यांच्याच पिचचा, किंचित जाड अंगाचा स्क्रू करून घेतला तर बहुतेक वेळा तो धरतो. वेल्डिंगने भोक भरून नव्याने आटे पाडण्याचा मार्ग तर शेवटचा आणि शक्यतो टाळायचा, कारण उष्णतेने पट्टीचे कठीणपण आणि रंग दोन्ही जातात.

तिसरा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो: परदेशात सुटे भाग मिळतात, ते मागवावेत. ज्या बंदुका कारखान्यांत हजारोंनी झाल्या त्यांच्या बाबतीत हे खरे आहे आणि मिळत असेल तर अस्सल जुना स्क्रू केव्हाही उत्तम. पण हातकामाच्या लॉकला हा मार्ग नाही, आणि तोड्याच्या देशी बंदुकीला तर मुळीच नाही. तिच्यात नळी लाकडाला चामड्याच्या किंवा तारेच्या बंधांनी बांधलेली असते, पट्ट्या बऱ्याचदा रिव्हेट केलेल्या असतात, आणि जे मोजके स्क्रू असतात ते त्या त्या लोहाराचे. शिवाय मागवलेला स्क्रूही मोजल्याशिवाय घालता येत नाही. आधी कुणी टॅप मारलेला नसेलच, याची खात्री काय? तेव्हा मागवा किंवा बनवा, भोक मोजणे टळत नाही.

मोजण्याची रीत पुढे सविस्तर आहे. इथे तिचा गाभा सांगतो. जुन्या स्क्रूचा तुकडा उरला असेल तर दहा आट्यांची लांबी व्हर्निअरने मोजून दहाने भागावी. एक आटा मोजून चूक होते ती अशाने टळते. तुकडा नसेल तर भोकात मऊ लाकडाची खुंटी हळूच फिरवून तिच्यावर आट्यांचा ठसा घ्यावा आणि तो पिच गेजला लावून पाहावा. अंदाज आला की पहिला स्क्रू पितळेचा करावा. पितळ मऊ असते, त्यामुळे चूक झालीच तर भोक वाचते आणि पितळ झिजते. पितळेचा नमुना बोटांनी शेवटपर्यंत गेला, डुगडुगला नाही, की मगच लोखंडाला हात घालावा. ही एक पायरी टाळण्याचा मोह फार होतो. ती टाळू नये.

आणि इथे उद्यमनगराचा आणि कागलचा खरा उपयोग आहे. जुन्या पद्धतीचा, इंचाला चार आट्यांच्या लीडस्क्रूचा लेथ असेल, तर माउझरचे २२ आटे पाडायला वीस दातांचा गिअर चालक आणि एकशेदहा दातांचा चालित लावला की झाले. चार भागिले बावीस म्हणजे दोन भागिले अकरा. २६ आट्यांना जोडगिअरांच्या साखळीत पासष्ट दातांचा गिअर घ्यावा लागतो. आणि त्याच इंची लेथवर मेट्रिक आटे हवे असतील, किंवा मेट्रिक लेथवर इंची, तर एकशेसत्तावीस दातांचा गिअर लागतो, कारण २५.४ ला पाचने गुणले की १२७ होतात. जे गणित टर्नर इंजिनच्या कामासाठी पाठ करतो, तेच गणित एका शतकापूर्वीच्या रायफलला लागते. भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, तरी सूत कारखान्यातून गेले नाही. इंच आणि मिलिमीटर एकाच दिवशी एकाच यंत्रावर कापण्याची सवय इथल्या हातांना आहे. त्यांना एकच गोष्ट सांगावी लागते, की इथे मजबुती हे ध्येय नाही. ८.८ ग्रेडचा टणक बोल्ट कापून स्क्रू करू नये, कारण तो जुन्या लोखंडापेक्षा कठीण असतो आणि झीज भोकाच्या वाट्याला येते. साधे माइल्ड स्टील घ्यावे आणि हवे तर डोक्यापुरते वरून कठीण करावे. डोक्याची खाच अरुंद ठेवावी. जुनी खाच आजच्या पेचकसाला बसत नाही, म्हणून पेचकसाचे पाते घासून समांतर करायचे असते, खाच रुंद करायची नसते. उत्तम प्रतीच्या बंदुकांत खाचांच्या रेषा नळीच्या रेषेत आणलेल्या असतात. त्यासाठी डोके थोडे उंच ठेवून स्क्रू पूर्ण आवळावा, खाचेची दिशा आखावी, मग तो काढून खाच कापावी आणि डोके उतरवावे. रंगासाठी तापवून निळा करायचा असेल तर साधारण तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत जावे लागते. त्यापुढे निळा उतरून करडा होतो.

शेवटचा आक्षेप संग्रहालयवाल्यांचा, आणि त्याला मान दिला पाहिजे. इतका हुबेहूब स्क्रू केला तर तो जुना म्हणून खपेल, पुढचा अभ्यासक फसेल. हा धोका खरा आहे, आणि काम जितके चांगले तितका तो मोठा. यावर उपाय मात्र वाईट काम करणे हा नाही. नव्या स्क्रूच्या लपलेल्या टोकाला साल कोरावे, आणि काय केले त्याची नोंद बंदुकीसोबत ठेवावी. मग स्क्रू बाहेरून जुना दिसेल आणि काढल्यावर स्वतःचे वय सांगेल.

कायद्याबद्दल इथेच स्पष्ट बोलायला हवे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्राला सूट आहे, पण ते दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, या अटीवर. नुसते जुने असणे पुरत नाही. कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे भागही शस्त्रातच मोडतात, आणि कलम ५ प्रमाणे शस्त्रदुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो. ठासणीची असली तरी परवान्याची बंदूक परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच न्यावी. टर्नरनेही आलेल्या वस्तूची कागदपत्रे पाहिल्याशिवाय काम घेऊ नये. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होऊ शकतो. या पुस्तकातली एकही रीत निकामी बंदूक पुन्हा उडती करण्यासाठी दिलेली नाही.

पुढचे पहिले प्रकरण अडकलेला स्क्रू न मोडता काढण्याचे आहे, कारण बहुतेक मूळ स्क्रू हरवत नाहीत, काढताना मोडतात. तेल लावून दोन-चार दिवस थांबण्याची तयारी नसेल तर ते प्रकरण वाचून उपयोग नाही. आणि मोडलेला स्क्रू निघाला, कितीही गंजलेला असला, तरी तो टाकून देऊ नये. त्याचे आटे कसेही असोत, त्यावर पिच उमटलेला असतो. छोट्या कागदी पाकिटात तो घालावा, पाकिटावर बंदुकीचे नाव, स्क्रूची जागा आणि तारीख लिहावी, आणि ते पाकीट बंदुकीच्या पेटीतच ठेवावे.